साठ टक्के खडे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मंडळाचा गाडा इतकी वर्षं ओढणारे सुमंतराव बापट, माझ्या ऑफिसचे प्रमुख आणि आजचे प्रमुख पाहुणे मिस्टर लिंडहोल्म, त्यांच्या शेजारी बसून माझं मराठी त्यांच्यासाठी इंग्लिशमध्ये करणारी माझी लेक इला, आणि रविवारची झोप, पोरांचे सॉकर गेम सगळं सोडून सॉल्ट लेकच्या या लायब्ररी हॉलमध्ये जमलेल्या काका, काकू, मावशी आणि मित्रमंडळींनो, सगळ्यांना माझा मनापासून नमस्कार.

कार्यक्रमपत्रिकेत आधी सत्कार आणि मग सत्कारमूर्तींचं मनोगत असं छापलंय. मीच क्रम उलटा करायला लावला. सुमंतराव म्हणाले, "अहो शोभनाताई, मंडळात असं कधी झालेलं नाही." म्हटलं, आज होऊ द्या. ती शाल आणि तो नारळ टेबलावर आहे तिथेच राहू दे जरा. का, ते सांगतेच. घाई करू नका, जेवण केटररचं आहे, गार होणार नाही.

या मंडळात चौतीस वर्षं मला एकच प्रश्न विचारला गेला. "शोभनाताई, तुम्ही नक्की करता काय?" डॉक्टरांना कोणी असं विचारत नाही. सॉफ्टवेअरवाल्यांना तर नाहीच, त्यांनी सांगितलं तरी कोणाला कळत नाही! मी मात्र दर गणपतीत सांगायची, मी खड्डे खणते. सरकारी पगारावर. खड्ड्यात उतरते, माती हातात चोळते, तिच्यावर ॲसिडचा थेंब टाकते, वहीत लिहिते आणि त्यावरून जमिनीचा नकाशा करते. एका काकूंनी तर आमच्या यजमानांना, संजीवना, बाजूला घेऊन विचारलं होतं, "एवढं शिकवून तिला हेच काम मिळालं का हो?" काकू, तुम्ही दुसऱ्या रांगेत बसलाय, मी पाहतेय. राग नाही.

मी मूळची अकोल्याची. काळ्याभोर मातीत वाढलेली. एकोणीसशे ब्याण्णवच्या ऑक्टोबरात इथून साडेतीन तासांवर, पार पश्चिमेच्या सरहद्दीजवळ, एका टेकडीच्या उतारावर मला पहिल्यांदा नेलं, तेव्हा मी मनात म्हटलं, अगं आई, ही माती आहे की रस्त्याच्या कामाला आणून टाकलेली खडी? सगळे चुनखडकाचे खडे. राखाडी, पांढुरके, बोटाएवढे, मुठीएवढे. वर्षाला जेमतेम नऊ इंच पाणी, त्यातही निम्म्याहून जास्त बर्फ. जानेवारीत कुदळ मारली तर ठणकन वाजते आणि हात खांद्यापर्यंत झिणझिणतो. खणत दीड फूट गेलात की चुन्यानेच धरलेला थर लागतो, सिमेंटसारखा. तिथे मुळं आडवी वळतात. आणि वर काय, तर गुडघ्याएवढं काळपट झुडूप. ब्लॅक सेजब्रश म्हणतात त्याला. दिसायला अगदी दरिद्री.

त्या मातीच्या मी प्रेमात पडले. हसा खुशाल! तिथला एक खडा उचलून उलटा करून पाहा. वरची बाजू स्वच्छ असते आणि खालच्या बाजूला पांढरा थर. बर्फ वितळतं, पाणी खाली मुरताना चुना बरोबर नेतं, खड्याच्या पोटाशी थांबतं, वाळतं, चुना तिथे ठेवून जातं. असं हजारो वर्षं. तो थर पाहून मला कळतं की हा खडा इतकी वर्षं याच कुशीवर झोपलाय, कोणी त्याला हलवलं नाही. वरच्या खड्यांनी खालची चिमूटभर माती वाऱ्यापासून झाकून ठेवलीय. आणि ते दरिद्री झुडूप बर्फाच्या दिवसांतही हिरवं असतं, मेंढ्या त्याच्यावरच हिवाळा काढतात. त्या जमिनीत कमी काहीच नाही. तिचं तिला पुरतं.

आता घोडं पेंड कुठे खातं ते सांगते.

आमच्या कामात मातीचा नमुना प्रयोगशाळेत जातो. तिथे तो आधी दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळतात. खडे वर राहतात, ते बाजूला टाकतात. खालची बारीक माती पाणी किती धरते ते मोजून आकडा पाठवतात. मग जागेवर जाऊन खड्डा खणणाऱ्या माणसाने काय करायचं? त्या आकड्यातून खड्यांची जागा वजा करायची. खडा पाणी धरत नाही हो. तांदळाचा डबा निम्म्याहून जास्त खड्यांनी भरलाय, तर त्यात पूर्ण डबाभर तांदूळ मावतील का? एवढं साधं आहे. पहिल्या वर्षाच्या पोरालाही येतं.

मी ते केलं नाही.

त्या टेकडीच्या उत्तर उतारावर माझ्या वहीत, माझ्याच अक्षरात लिहिलंय, खडे साठ टक्के. आणि नकाशाच्या तक्त्यात मी प्रयोगशाळेचा आकडा आहे तसा उतरवला. घाई होती, पहिलं बर्फ पडायला लागलं होतं, बोटं बधिर झाली होती. ही कारणं झाली. खरं एवढंच की मी चुकले. त्यामुळे कागदावर तो उतार खरा धरतो त्याच्या अडीचपट पाणी धरतो. तेहतीस वर्षं धरतोय!

त्या उतारावर मेंढ्या चारणारा माणूस आज इथे आलाय. मागे दाराशी, टोपी मांडीवर घेऊन बसलाय तो डेल. साडेतीन तास गाडी चालवून आलाय आणि त्याला मराठीचं एक अक्षर कळत नाही. माझा नकाशा छापून आल्यावर डेलने त्यावर विश्वास ठेवून कुंपणालगतची चाळीस एकर झुडपं काढली आणि गवताचं बी पेरलं. काही आलं नाही. वाऱ्याने माती नेली. आजही तिथे नुसते खडे आहेत आणि जूनमध्ये वाळून पेट घेणारं एक परकं गवत. मी दर वेळी त्याला म्हणायची, "डेल, पाऊस कमी झाला यंदा." इतकी वर्षं मी पावसाला बोल लावला!

मागच्या सप्टेंबरात तो मला म्हणाला, "शो, तुझा कागद म्हणतो पाणी आहे. जमीन म्हणते नाही. मी कोणाचं ऐकू?" चिडून नाही, खरंच विचारत होता. त्या रात्री मोटेलात मी जुनी वही उघडली, साठ टक्के वाचलं आणि नकाशाचा तक्ता शेजारी ठेवून पाहिला. पुढचे आठ दिवस मी त्या उतारावर अकरा खड्डे खणले. या वयात. संजीव म्हणाले, अगं कंबर मोडेल. म्हटलं मोडू दे.

तुम्ही म्हणाल, जुनी गोष्ट, आता काय त्याचं? सांगते. माझ्याच आकड्यांवर एक योजना मंजूर झालीय. सबंध उत्तर उतार, दोन हजार एकर. झुडपं उपटायची, जमीन नांगरायची आणि गवत पेरायचं. चराई सुधारायची म्हणे! बी आलंय, यंत्रं ठरलीत. पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला काम सुरू होणार. हजारो वर्षं एका कुशीवर झोपलेले खडे एका दुपारीत पालथे होतील, आणि डेलच्या मेंढ्यांना पुढच्या हिवाळ्यात खायला उरणार नाही. कुठल्याही बजेटने तो चुन्याचा थर परत खालच्या बाजूला बसत नाही.

नकाशातला आकडा सुधारला तर ही योजना थांबवावीच लागेल, म्हणून मी दुरुस्तीचा अर्ज केला. त्यावर मूळ नकाशा करणाऱ्याची सही लागते आणि ऑफिसप्रमुखांची. माझी सही झालीय. माझी नोकरी शुक्रवारी संपते. म्हणजे अजून पाच दिवस माझी सही चालते. शनिवारपासून मी एक निवृत्त बाई. आणि माझ्या जागी कोणी येणार नाहीये, ती जागाच रद्द झालीय.

मिस्टर लिंडहोल्म भला माणूस आहे. इला, हेही सांग त्यांना. माझ्या ऑपरेशनच्या वेळी घरी सूप घेऊन आले होते. ते मला म्हणाले, "शोभना, शेवटच्या आठवड्यात स्वतःचं रेकॉर्ड कशाला खराब करून घेतेस? पुढे कोणीतरी बघेल." पुढे कोण बघेल? टेबल रिकामं आहे! आमचे सुमंतरावही परवा फोनवर म्हणाले, "ताई, झाकली मूठ सव्वा लाखाची. स्टेजवर ऑफिसचा विषय नको." सुमंतराव, तुमचा मान राखून सांगते, या मुठीत दोन हजार एकर आहेत. मी उघडणार.

मला गंमत वाटते. आपण इथे आलो, कष्ट केले, घरं बांधली, मुलं शिकवली. पण आपल्याला एक भीती सतत असते, की आपली चूक कोणाला दिसता कामा नये. दिसली तर म्हणतील, बघा, हे असेच. म्हणून आपण सगळे कसे बिनचूक! मीही तेच केलं. आकड्यांत कधी चुकत नाही म्हणून ऑफिसात माझं नाव होतं आणि त्या नावाला जपायला मी डेलला पावसाच्या गोष्टी सांगत बसले. पुरे झालं. माझं रेकॉर्ड खराब होऊ दे. मला ते खराबच करून हवंय, शुक्रवारच्या आत आणि माझ्या नावानिशी.

मंगळवारी सकाळी मी त्या उतारावर असेन. अकराही खड्डे उघडे ठेवलेत. ज्याला शंका आहे त्याने यावं, खड्ड्यात उतरावं आणि स्वतःच्या हाताने खडे मोजावेत. आणि शुक्रवारपर्यंत सही झाली नाही तर बारा तारखेला यंत्रांच्या पुढेही मीच असेन, घडीची खुर्ची आणि चहाचा थर्मास घेऊन. तेव्हा मला कोणी नोकरीवरून काढू शकणार नाही, हा निवृत्तीचा एक फायदा!

म्हणून ती शाल तशीच राहू दे. अपमान करत नाहीये मी, सुमंतराव, तुमच्या डोळ्यांत पाणी आलंय ते दिसतंय मला. पण तेहतीस वर्षांच्या बिनचूक सेवेबद्दल असं शालीबरोबरच्या त्या मानपत्रावर लिहिलंय. ते खोटं आहे. ते खांद्यावर घेऊन मी घरी कशी जाऊ? ती ओळ खोडा, मग आनंदाने घेईन.

आता आभार. मंडळाचे, तुम्ही मला आपलं मानलंत. संजीवचे, तेहतीस वर्षं गाडीत माझे चिखलाचे बूट सोसल्याबद्दल. डेलचे, ज्याने मला एकदाही दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. आणि मिस्टर लिंडहोल्म यांचे, ते एवढ्या लांबून आले आणि अजून उठून गेले नाहीत.

बोलण्याच्या भरात कोणाचं नाव राहिलं असेल, आवाज चढला असेल, वेळ तर नक्कीच जास्त घेतला, ते सगळं मोठ्या मनाने पोटात घाला. ब्याण्णव सालची ती एक चूक मात्र कृपा करून पोटात घालू नका. अर्ज मी इथे माइकपाशी ठेवतेय. माझ्या सहीखालची ओळ रिकामी आहे. इला, एवढं त्यांना शब्दन् शब्द सांग, आणि तुझ्या पर्समधलं पेन त्यांना दे.