तात्यांचा पिंजरा

ऐका तर, बेटावर उंदीर येतात कुठून, याचं उत्तर शेवटी माझ्याच घरात निघालं. आमच्या धरणाच्या पाण्यात मधोमध एक उघडं बेट आहे. उन्हाळ्यात नदी सुरय पक्षी तिथे जमिनीवरच अंडी घालतात. यंदा उंदीर ती अंडी फस्त करत होते, म्हणून आम्ही कॉलेजच्या मुली तिथे पिंजरे लावत होतो. पण कितीही उंदीर धरले तरी नवे निघतच होते.

एका सकाळी मासेमाऱ्याच्या होडीतून माझे चुलते उतरले, किराणा दुकानवाले तात्या. त्यांच्या हातात पिंजरा होता आणि आत चांगला गलेलठ्ठ उंदीर.

"तात्या, तुम्ही?"

"मारायचं पाप कशाला घ्यायचं? गणपतीचं वाहन हाय. हिथं सोडलं की जगतंय बापडं."

त्यांचं बोट पिंजऱ्याच्या दारावर होतं. पायापुढे वीतभर अंतरावर दोन अंडी होती. सुरय किंचाळत त्यांच्या टोपीवर झेप घेत होती. मी पुढे होऊन पिंजरा धरला.

"दार उघडायचं नाही."

"पिंजरा सोड! मोठ्या माणसाला शिकवतीस?"

"मग परत न्या आणि दुकानात सोडा."

"दुकानात? समदं धान्य खाईल की!"

"आणि इथं काय खाईल?"

तात्यांनी खाली पाहिलं. मग त्यांनी पिंजरा माझ्या हातात कोंबला.

"घे. पण पाप तुझं."

"चालेल."

"चालंल ना? मग सांजच्याला दुकानावर ये. अजून दोन धरून ठिवलेत."