कोकोच्या अंगाला तेल होतं

कोको सुटला नी धाडकन पाण्यात गेला, नी मी ओरडले, कोको नको, पाणी खराब होईल रे, असंच ओरडले मी, पाणी खराब होईल. काय सांगू तुम्हाला ताई, तेव्हा डोक्यात दुसरं काही नव्हतंच, अंगभर खोबरेल चोपडलेला कुत्रा स्विमिंग पूलमध्ये गेलाय, नी आज नेमके ते मशीनवाले दादा आलेत पूल साफ करायचं मशीन दाखवायला, नी मॅडम आत हॉलमध्ये बसल्यात, नी आता माझी वाट लागली. मी धावले ती पाण्यासाठी धावले. चिऊ, माझी पोरगी, चटईवर आहे असंच मला वाटत होतं. कडेला पोचले तर चिऊ पाण्यात, पुलाच्या कोपऱ्यातल्या दुसऱ्या पायरीवर उभी, छातीपर्यंत पाणी, फ्रॉक फुगून वर आलेला फुलासारखा, नी ती हसतेय. माऊ, माऊ, करतेय. तिच्या पुढे खोल, नी त्या खोल पाण्याच्या नी तिच्या मध्ये कोको आडवा. ती त्याचे केस धरायला बघते नी हात सटकतो, परत धरते, परत सटकतो. तेल ना. मीच लावलेलं.

थांबा, असं नाही कळायचं तुम्हाला. आधीपासून सांगते.

मी रेश्मा, मुलुंडची. आमची चाळ तिकडे डोंगराच्या अंगाला आहे, बाबा रिक्षा चालवायचे, आई बाळांना न्हाऊ घालायची. म्हणजे कामच ते तिचं, कुणाकडे बाळंतपण झालं की आईला बोलावणं, बाळाची मालिश, बाळंतिणीची मालिश, मग आंघोळ, मग धुरी. मी आठवीपर्यंत शिकले नी मग आईबरोबर जायला लागले, पाणी तापवायला, टॉवेल धरायला. आई खाली बसायची पाय लांब करून, बाळ तिच्या पायांवर आडवं, नी तिचे हात असे चालायचे ना ताई, की रडणारं पोर बघता बघता गप्प होऊन तिच्या पायावरच झोपायचं. मला पण झोप यायची ते बघून. वाफ, तेलाचा वास, ओव्याचा धूर. आई अजून मालवणीच बोलते, ती मला सांगायची, आदी कान पूस गो, मगे बाकीचा आंग. तेवढं माझ्या हातात बसलंय कायमचं.

लग्न झालं नी मढला आले. संतोष, माझा नवरा, मॅडमच्या बंगल्यावर माळीकाम नी राखण दोन्ही बघतो, मागे एक खोली आहे ती आम्हाला. मॅडम अंधेरीला राहतात, सुट्टीला येतात, बाकी दिवस बंगला शूटिंगला जातो. नी कोको त्यांचा कुत्रा, सोनेरी, लांब केसांचा, तो इथेच असतो, कारण त्यांच्या बिल्डिंगमधे लोक कटकट करतात.

मला तर पहिल्यांदा वाटलं मी स्वप्नात आले. दुपारी पुलातला उजेड आमच्या खोलीच्या छपरावर हलतो ना ताई, नुसता हलत राहतो, चिऊ तान्ही होती तेव्हा तासन्‌तास त्याच्याकडे बघायची. तिला खुळखुळा लागलाच नाही.

कोकोला आधी अंधेरीवरनं गाडी यायची, कुत्र्यांची आंघोळीची गाडी, तिच्यात टेबल, शॉवर, ड्रायर सगळं. तो ड्रायर सुरू झाला की हा थरथर कापायचा, तिथेच मुतायचा. एकदा गाडीवरच्या मुलाच्या हाताला चावला. मग ते बोलले आम्ही नाही येणार. मॅडम बोलल्या, आता काय करायचं गं याचं. मी बोलले, मी घालते न्हाऊ. मॅडम हसल्या, अगं तो बाळ आहे का. पण मला दुसरी पद्धत कुठे माहीत? मी आईसारखी पाय लांब करून बसले, त्याला पायांवर घेतला, अख्खा मावतोय कुठे, अर्धा इकडे अर्धा तिकडे, नी हात फिरवायला लागले. तो आधी ताठ होता दगडासारखा. मग हळूहळू सैल पडला, नी मग घोरायला लागला चक्क. संतोष बोलला, वा, आता याचं बारसं पण करून टाक.

तेव्हापासून मीच करते. आधी तारांच्या ब्रशने केस विंचरायचे, पोटाखालचे, कानामागचे, तिथे गाठी होतात. मग त्यांचा शाम्पू. मग आधी कान पुसायचे. निघालेले केस कापसासारखे उडतात सगळीकडे, चिमण्या येतात नी चोचीत धरून नेतात, खरंच, आमच्या पत्र्याखाली घरटं आहे त्यात सगळे कोकोचेच केस. पण उरलेले पाण्यात जातात. पूल मी जाळीच्या काठीने साफ करते, नी तळाला बसलेलं पाइप लावून ओढून काढायचं, त्यात पाठ मोडते. म्हणून मॅडम बोलल्या, एक मशीन घेऊ. रेश्मा, तूच वापरणारेस, तर तूच सांग कुठलं घ्यायचं.

मला भीतीच वाटली. मी काय सांगणार? मला फ्रीजचं बटण पण विचारून दाबायची सवय.

तर त्या दिवशी मशीनवाले दादा आले. दोन मशीन आणलेली. एक पाइपवालं, ते पुलाच्या मोटरलाच जोडायचं, मोटर पाणी ओढते त्याच्यावरच ते तळाला फिरतं, दिसायला अगदीच येडं, बूड आपटत चालल्यासारखं, नी ते पाण्यातच ठेवून द्यायचं. दुसरं बॅटरीवालं, काही वायर नाही पाइप नाही, सोडून द्यायचं, ते आपलं आपण फिरतं, भिंतीवर पण चढतं, नी कचरा त्याच्याच पोटातल्या डब्यात. काम झालं की बाहेर काढून चार्जिंगला लावायचं. दादा बोलले, मॅडम, ये एकदम झकास है, इसके सामने वो पाइपवाला मतलब पुराना जमाना. नी बॅटरीवालं पाण्यात सोडून दोघं आत गेले, मोबाइलवर काहीतरी दाखवायचं होतं त्यांना.

संतोष होडीने वर्सोव्याला गेलेला खत आणायला. मी कोकोला घेऊन बसलेले पुलापासून जरा लांब, आंब्याच्या सावलीत. त्याच्या पाठीला कोंडा झालेला, सालपटं निघत होती, तर म्हणलं आज तेल लावू, आई लावते तसं, मग डाळीचं पीठ लावून तेल काढून टाकू, मग आंघोळ. मॅडमना विचारलं नव्हतं. बाळाला तेल लावताना कोण कुणाला विचारतं? चिऊ बाजूला चटईवर चमचा वाजवत होती. दीड वर्षाची आहे ती. नी ते मशीन पाण्याखाली चाललेलं, हळू, एकदम हळू, कुणीतरी झोपेत चालतंय तसं, मधेच भिंतीवर चढायचं, काठाशी येऊन बुडबुडे सोडायचं, परत खाली जायचं. वारा नाही. कोकोचा श्वास माझ्या पायांवर. त्याला स्वप्न पडत होतं, पंजे हलत होते, कुठेतरी धावत होता तो. माझे हात चाललेले, मानेवरनं पाठीवर, पाठीवरनं खाली, नी मला आईच्या अंगाचा वास यायला लागला, ओव्याचा, नी उजेड हलतोय सगळीकडे, पानांवर, माझ्या गाउनवर, नी चमच्याचा आवाज येतोय, येतोय.

चमच्याचा आवाज थांबला ते मला कळलं नाही. कोकोला कळलं.

बाकी तुम्हाला सांगितलंच. मी पाण्यात उतरले कशी नी तिला काखेत मारली कशी, काही आठवत नाही. तिच्या तोंडात पाणी पण गेलं नव्हतं. ती उलट रडायला लागली मी उचलली म्हणून, तिला ते मशीन पाहिजेल होतं, पायरीशी येऊन बुडबुडे सोडत होतं ना ते, तिला वाटलं माऊ. तिला जे हलतं ते सगळं माऊ.

मी तिला खोलीत नेली, पुसली, आधी कान पुसले बघा, हात आपोआप तसेच चालले. कोरडे कपडे घातले, पाळण्यात टाकली नी बाहेर आले तर मॅडम नी दादा पुलाशी उभे. पाण्यावर तेल पसरलेलं, रंग रंग झालेले, जांभळे, हिरवे, खरं सांगू, सुंदर दिसत होतं. मशीन भिंतीवर चढायला जाई नी घसरून खाली. दादा बोलले, मॅडम, मशीन में कुछ प्रॉब्लेम नहीं है, पानी में तेल है. मॅडम बोलल्या, तेल? कुठनं आलं तेल? नी कोको तिथेच उभा, निथळत, शेपटी हलवत.

मी बोलले, तेल मी लावलेलं, कोंड्याला. नी हा हातातनं सटकला, मी त्याला काढायला उतरले. एवढंच बोलले. माझा गाउन भिजलेला, त्यांनी पण पुढे काही विचारलं नाही. फक्त बोलल्या, आजपासून याला बांधून ठेव, फार लाडावलाय. पाणी अख्खं बदलावं लागणार आता.

संध्याकाळी संतोषला सगळं सांगितलं. तो चिऊला घट्ट धरून बसला किती वेळ. मग बोलला, मॅडमना बोलू नको. त्या बोलतील पोरगी इथे नको, गावाला ठेवा. मी बोलले, अरे पण कोको. तो बोलला, कुत्रा आहे गं तो, बांधला तर मरत नाही.

मरत नाही, खरंय. पण ताई, तो भुंकला पण नाही, तेच मला सहन होईना. साखळीला बसून पुलाकडे बघत राहायचा. जेवण तसंच पडून. चिऊ जाऊन आपलं बिस्कीट त्याच्या तोंडाला लावायची, तेवढं खायचा. विंचरायला बसले तर मानेवरचे केस साखळीने घासून गेलेले, खाली गुलाबी कातडं दिसत होतं. पाय लांब केले तरी तो आला नाही पायांवर.

आईला फोन केला. आधी ती रडली, मग देवाचं नाव घेतलं तिने. मग बोलली, जेना तुझ्या चेडवाक राखल्यान, तेका तू बांधून घातलंस गो? चेडू म्हणजे पोरगी, आमच्या मालवणीत.

रविवारी मॅडम आल्या. मी चहा दिला. त्या बोलल्या, हं, बोल रेश्मा, कुठलं घ्यायचं? मला तर ते बॅटरीवालंच आवडलंय. मी बोलले, पाइपवालं घ्या. का गं, ते तर केसांनी तुंबेल, दादा बोलले ना. मी बोलले, तुंबू दे, मी रोज काढीन केस. पण ते पाण्यातच राहतं, उघडझाक नाही, म्हणजे पुलावर जाळी ताणून कायमची लावता येईल. बॅटरीवालं रोज आत सोडा, रोज बाहेर काढा, म्हणजे जाळी रोज उघडायची. मॅडम बोलल्या, जाळी? जाळी कशाला पाहिजे?

संतोष कुंड्यांना पाणी घालत होता, तिकडनं त्याने माझ्याकडे बघितलं, मान हलवली, नको, नको. मी त्याच्याकडे बघितलं, मग कोकोकडे बघितलं. नी मग मी बोलून टाकलं. सगळं. चमचा, पायरी, फ्रॉक, सटकणारा हात.

मॅडमचा चहा गार झाला. त्या उठल्या, कोकोजवळ खाली बसल्या, गुडघे दुखतात त्यांचे तरी बसल्या, नी साखळी सोडली. कितीतरी वेळ त्याच्या मानेवर हात ठेवून होत्या. माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मग हळूच बोलल्या, जाळी लावू. पाइपवालंच घेऊ. पण रेश्मा, जाळी लागेपर्यंत तू पोरीला इथे ठेवायची नाहीस. नी शूटिंग असेल तेव्हा पण नाही, त्यांना निळं उघडं पाणी लागतं, जाळी काढावीच लागणार. मला झोप नाही लागणार गं.

वाईट नाही बोलल्या त्या. दुसऱ्या दिवशी मी चिऊला मुलुंडला आईकडे पोचवली.

आता जाळी आहे. ते येडं मशीन खाली बूड आपटत फिरतं, धप धप, कोको काठावर बसून बघतो. केसांनी तुंबतंच ते, रोज मी मोटरची टोपली उघडून गोळा काढते नी भिंतीवर ठेवते, चिमण्या नेतात. तेल बंद केलं मी. पण शूटिंगं वाढलीत हल्ली. आज शूटिंग संपलं की दोन दिवसांनी दुसरं, मग चिऊला आणून लगेच परत कुठे न्या, म्हणून ती मुलुंडलाच राहते जास्त. चिऊची चटई फक्त संतोष उचलू देत नाही. दुपारी छपरावर उजेड हलतो तसाच, खाली बघणारं कोणी नाही. कोको येतो, चटई हुंगतो, नी माझ्या पायांवर येऊन पडतो, आता परत येतो तो. सुखात राहू दे बिचारा, माझं आयुष्य त्याला लागू दे.

परवा फोनवर चिऊ आईच्या मांडीवर होती. मी बोलले, चिऊ, आई बघ, आई. तर तिने मोबाइलकडे बघितलं, नी वळून माझ्या आईच्या गळ्यात हात टाकले, नी तिला बोलली, आई.

तुम्ही हे लिहिताय ना ताई, मग वाचणाऱ्यांना पण विचारा माझ्याकडनं. गप्प बसले असते तर पोरगी इथे असती, माझ्याजवळ, त्या उघड्या पाण्याजवळ, नी तो साखळीला. तुम्ही असता माझ्या जागी, तर काय केलं असतं?