माणिकप्पांच्या गाडीचं ॲव्हरेज

लातूरच्या त्या गॅरेजात गाड्या दोन होत्या आणि बाकड्यावर माणसं तीन: जीपचे मालक माणिकप्पा, त्यांचा ड्रायव्हर अमरनाथ आणि आपल्या स्कूटीची वाट बघणारी मनस्विनी.

“एकोणीसचं ॲव्हरेज सोळावर आलं. डिझेल विकायलाय हा! उद्यापासून घरी बस,” माणिकप्पा अमरनाथवर खेकसले.

“अप्पा, बारा वर्षं झाली तुमच्याकडं.”

“म्हणूनच हात सैल सुटला.”

मिस्त्रीने मध्येच विचारलं, “मालक, टायरात हवा किती हाय?”

“मीच कमी करायला लावली. उन्हाळ्यात टायर फुटतंय, एवढंबी कळत न्हाई? कसला मिस्त्री तू!”

“तेहतीस पायजे. कमी हवेनं टायर जास्त तापतंय अन् गाडी डिझेल पिती.”

“मी म्हणलो होतो अप्पाला. शिव्या खाल्ल्या,” अमरनाथ म्हणाला.

“लई शाणे दोघंबी! मोज, मोज.”

मिस्त्रीने चारही चाकांना मीटर लावलं. मनस्विनीने मान वळवून आकडे वाचले: अठरा, सतरा, अठरा, अठरा.