भुऱ्याचा पाय

हजला निघालेल्यांना लस टोचताना नर्सबाईंचे हात कामात होते आणि कान समोरच्या बाकावर. तिथे एक पांढऱ्या दाढीचा भाऊ आणि त्याची थोरली बहीण बाह्या सरकवून बसले होते.

"आपा, तिथे बकरा बघायलाच मिळत नाही म्हणे. पैसे भरून कूपन घ्यायचं. कुर्बानी झाली की फोनवर निरोप येतो, मग केस उतरवायचे."

"बरंय की. उन्हात वणवण नको."

"पण त्याचे दात कोण बघणार? कुर्बानीला आंधळा, लंगडा चालत नाही."

"लंगड्याचं तू मला सांगू नकोस. भुऱ्याच्या पायाला दोरा कुणी आवळला होता?"

"अजून आठवतं तुला?"

"न आठवायला काय झालं? महिनाभर तुझ्याच पांघरुणात झोपायचा तो बकरा. ईदच्या सकाळी बघते तर लंगडतोय. घरभर धांदल, आणि तू दाराआड मूग गिळून."

"अब्बांनी खाली बसून दोरा सोडला. मला वाटलं, आता पाठ सोलून निघते."

"हात नाही उगारला."

"नाही. मांडीवर घेतलं आणि म्हणाले, 'बाळा, जे देताना जीव तुटत नाही, ते द्यायचं कशाला?'"

"त्यांचाही आवाज बसला होता त्या दिवशी."

"हं. आता फोन वाजेल, आपा."

बहिणीने ओढणी सारखी केली. नर्सबाईंनी त्याला पुढे बोलावलं, सुई टोचली, कापूस दाबून धरायला दिला.

"दुखलं का, काका?"

"नाही बेटी. काहीच कळलं नाही."