धुरा कधीपासून वाकडा?

— नाही ना मदिहा बेटी, हालत नाही मी! हनुवटी ठेवलीच हाये तुह्या डोळ्याच्या मशीनवर, पन तोंड त हालनारच. अजून सुई कुठं टोचली? — हाव, पिवळं औषध हातातून डोळ्याच्या शिरांत जाईन, गळलं का फोटोत दिसन, आलं ध्यानात. अंगबी पिवळं होते म्हनते. होऊ दे! लग्नानंतर पैल्यांदा हळद लागून राह्यली मले.

पन तुह्या त्या चौकटीच्या कागदाचं नाही पटलं. मधातल्या रेघा पोट काढून, अन् तू म्हनते सरळ! फूटपट्टी ठेवली, त तेबी वाकली. दवाखान्याची फूटपट्टी! — काय? डोळ्याच्या पडद्याखाली नको त्या शिरा फुटल्या, म्हनून? म्हंजे पऱ्हाटीची गळफांदीच — खाते सारं, बोंड देत नाही. मंग छाटा ना.

कधीपासून वाकडं दिसते, हे लिवाच लागते काय? लिही, औंदाच्या पोळ्यापासून. बैलाचं शिंग वाकडं दिसलं. — हसू नको. बरं, मागच्या पोळ्यापासून. दोन वर्सं नको लिहू! दोन वर्सं वावराच्या मोजनीले झाले. लहान भाऊ माहा, कचरू — वावराले वावर लागून, मधात धुऱ्याचा एकच बांध. अमडापूरच्या भर बाजारात म्हनलो त्याले, तुनं धुरा कोरला बे, तुह्या बीटीच्या दोन वळी माह्या वावरात घुसल्या! त्या वर्सी बोंडअळीनं दोघाचीबी कपाशी खाल्ली, पन आमचं भांडन दोन वळीचं. मोजनीवाला म्हने, धुरा सरळ. मी म्हनलो, कचरूनं तुले कोंबडं चारलं. — कचरू त अंडंबी शिवत नाही. मंग त्याच्या पोरीची लग्नपत्रिका आली. तिचीबी चौकट वाकडी. केली वापस.

म्हनून म्हनतो, मोजनीच्या बादचं लिही. म्हंजे तवा डोळा चांगला, अन् धुरा वाकडा. — काय? मोजनीच्या आधी सारं सरळ दिसे काय? दिसे ना! एक विजेचा खांब सोडला त. वाकला म्हनून अर्ज केला होता मी. लाइनमन हसत गेला. ते... मोजनीच्या आधीचं. कपाशीचं बी टोबाच्याबी आधीचं.

लिही. तीन वर्सं लिही.

सोबत? कोनी नाही. एकट्याले जाऊ देत नाही? मंग... कचरूचा नंबर घे. तूच लाव. मी हाये म्हनून सांगू नको — नाही, सांग. सांग, तुळशीरामचा डोळा वाकडा हाये, धुरा नाही. — उचलला? काय म्हनला? 'कुठं येऊ?' बस्स? येवढंच?

घे बेटी. टोच सुई. नाही बोलत मी.