तिसऱ्या चाकाची तरतूद

विषय : बिजली नावाची एक घोडी आणि इंजिन नसलेली एक रिक्षा एकमेकींना जोडून सोलापूर शहरात भाड्याने चालवण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : (१) बहात्तरचा दुष्काळ. (२) अरबांचं तेल. (३) मुंबईहून आलेले तज्ज्ञ.

महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय... नाही, सविनय नाही! सविनय लिहून लिहून पाठ वाकली, आता पेन्शनीत तरी जरा ताठ लिहू द्या! तुम्ही हसताय विषय ऐकून. हसा! तिथंही सगळे हसले, आणि पोटभर हसून झाल्यावर डोळे पुसत म्हणाले, "पण हे आमच्याकडे येत नाही." तुम्हाला सांगतो, उभी हयात कारकुनीत गेली, टेबलावरून काय काय विषय सरकले, पण ज्याला दोन कचेऱ्या हसल्या आणि दोन्ही कचेऱ्यांनी हात झटकले, असा विषय हा पहिलाच. कचेऱ्यांची नावं घेत नाही. त्यातल्या एकीची पेन्शन खातो.

तर गुरुलिंग. बाळीवेशीतला टांगेवाला, माझा शेजारी, आणि बिजली ही त्याची घोडी. शहरातली बिजली आठवड्यातून चारदा जायची, ही कधी गेली नाही. अंगानं लहान, स्वभावानं गरीब, खोड एकच : जिथं एकदा थांबायची सवय लागली, तिथं जन्मभर थांबणार. पाण्याच्या हौदावर थांबणार, देवळापुढं थांबणार आणि माझ्या कचेरीच्या फाटकाशी थांबणार, कारण वर्षानुवर्षं मी तिथं उतरायचो. मी निवृत्त झालो तरी थांबायची! मी निवृत्त झालो हे तिला कुणी कळवलंच नव्हतं. मग टांग्यात लग्नाचे पाहुणे असोत नाहीतर बाळंतीण असो, ही फाटकाशी उभी... मी उतरलोय अशी स्वतःची खात्री करून घ्यायची, मगच पुढं. आता यात घोडीचं काय चुकलं, सांगा! एवढी हजेरी आमच्या हेडक्लार्कची नव्हती.

मग पडला बहात्तरचा दुष्काळ. कडब्याची पेंढी दिसली की माणसं हात जोडायची, अशी गत. सरकारनं जनावरांसाठी छावणी काढली, गुरुलिंग बिजलीला घेऊन तिथं गेला, तर तिथला माणूस म्हणतो, "गाय हाय का? म्हस? बैल? मग ने माघारी. यादीत घोडं न्हाय." म्हणजे बघा, आभाळ यादी न बघता कोरडं पडतं, पण चारा यादी बघून मिळतो! मग अमेरिकेतनं तो मिलो आला, लाल जोंधळा. गुरुलिंगनं पाटीभर बिजलीपुढं ठेवला. तिनं हुंगला आणि तोंड फिरवलं. आम्ही खाल्ला. आम्हाला तोंड फिरवायची सोय नव्हती.

आणि नेमक्या ह्याच वेळी व्यापारी मंडळींनी सभा भरवली, ‘बदलतं जग आणि आपला धंदा’! मुंबईहून तज्ज्ञ आणले. अंगात सूट, गळ्यात टाय. मे महिन्यात! सोलापुरात! ज्या गृहस्थाला डोक्यावरचं ऊन कळत नाही, तो आम्हाला जगाची हवा सांगणार! टांगेवाल्यांनाही बोलावलं होतं, मागच्या सतरंजीवर. साहेबांनी घसा साफ केला आणि सुरू : "मित्रहो, जग यंत्राच्या चाकावर धावत आहे! जो धंदा जनावराच्या पोटावर अवलंबून आहे, तो जनावराबरोबरच मरणार! बदला, नाहीतर बाजूला व्हा!" टाळ्या! आणि सगळ्यात जोरात कोणाच्या? गुरुलिंगच्या!

घरी येताना मला म्हणतो, "अण्णा, मानूस कसा घडाघडा बोलतंय की! खरं हाय त्येचं. घोडं रोज खातंय, गिऱ्हाईक असू दे न्हाईतर नसू दे. रिक्षा उबी ऱ्हायली तर काय मागती?"

आणि त्यानं गावाकडचा, कुंभारीतला शेताचा तुकडा विकला, जुनी रिक्षा आणली. टांग्याचा बिल्ला कचेरीत परत केला. टांगा एका रसवंतीवाल्यानं नेला, त्याची चाकं हातगाडीला लावली आणि बाकीचं चुलीत घातलं. राहिली घोडी. दुष्काळात घोडी कोण घेतो? तिला कुंभारीला मेहुण्याकडं, ईरप्पाकडं नेऊन बांधली, विहिरीत दोन घागरी पाणी होतं म्हणून. जाताना ती कचेरीच्या फाटकाशी थांबली म्हणे. आता यात घोडीचं काय चुकलं, सांगा!

रिक्षाचा पहिला दिवस मी विसरणार नाही, कारण आत मी बसलो होतो. नवी पेठेत समोरून सायकलवाला आला. गुरुलिंगनं काय करावं? ब्रेक दाबावा? नाही! त्यानं रिक्षाचं हँडल दोन्ही हातांनी छातीशी ओढलं आणि ओरडला, "निल्ल! निल्ल!" कानडीत ‘थांब, थांब’. बिजलीला कानडी कळायची. इंजिन परप्रांतातलं, त्याला कुठली कळणार! आम्ही सरळ केळ्यांच्या गाडीत. केळीवाला तेलुगूत शिव्या देतोय, सायकलवाला उर्दूत, गुरुलिंग कानडीत रिक्षाला समजावतोय आणि मी मराठीत रामरक्षा म्हणतोय!

तरी शिकला. बरं शिकला. मीटर टाकायला लागला, खाकी शर्ट शिवला, गौरम्मानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, रिक्षाला काजळाचं बोट लावलं. आणि जरा कुठं घडी बसते न बसते तोच... अरब! कोण कुठले अरब, त्यांचं भांडण कोणाशी, आपलं त्यात काय, पण त्यांनी तिकडं तोटी पिळली आणि रिक्षा बंद पडली बाळीवेशीत! पेट्रोलचा भाव रातोरात असा चढला की पंपावरच्या माणसालाच सांगताना लाज वाटायची. बरं, भाडं वाढवावं तर दर सरकारी. त्यासाठी समिती. समितीची बैठक पुढं ढकलली, का? तर सदस्यांच्या मोटारीला पेट्रोल नाही! जितकी लांब फेरी तितका मोठा तोटा. माणूस स्टँडवर उभा राहून देवाला म्हणतोय, "मल्लिकार्जुना, गिऱ्हाईक नको!" हा धंदा पाहिलाय कधी?

आणि गंमत ऐका, तोवर पाऊस झालेला, कडबा स्वस्त! कुंभारीहून बिजली परत आली ती गुबगुबीत होऊन. अंगणात एका बाजूला घोडी, दुसऱ्या बाजूला रिक्षा, दोघी एकमेकींकडं बघतायत, आणि मधे बाजेवर गुरुलिंग कपाळाला हात लावून. चारा नव्हता तेव्हा यंत्राकडं गेला, तेल नाही तेव्हा चारा आला. जग बदलतं म्हणे! बदलतं ते बदलतं, पण माणसाला घरात शिरू देत नाही की दारात उभं राहू देत नाही!

तेवढ्यात कुर्डुवाडीकडचा जोतीराम आला, वीटभट्टीवाला. गोड माणूस. घोडीच्या पाठीवरनं हात फिरवत म्हणतो, "वय झालंय, पर वीट वाहील की. वरीस-दीड वरीस निघंल हिच्यात." गौरम्मा चुलीपासनं उठून बाहेर आली. "निघंल म्हंजी? घोडी हाय का उसाचं चिपाड? चरकात घालून पिळताव व्हय?" पण गुरुलिंगच्या घरात खाणारी तोंडं, कमावणारं एक, तेही बंद. म्हणाला, "अमावास्येपतूर बघतो. काय जमलं न्हाय तर ने." म्हणजे मूळ प्रश्न हा, लक्षात ठेवा : अमावास्येच्या आत घोडीला काम, नाहीतर वीटभट्टी. आणि भट्टीवरनं माघारी आलेलं जनावर मी तरी पाहिलेलं नाही. आता यात... जाऊ द्या.

त्या संध्याकाळी गौरम्मा जी तापली! "तिला जीव हाय, गाडी न्हाय. हिला गाडी हाय, जीव न्हाय. आन् दोघींच्या मधी तुमी बसलाव तोंड पाडून! बांदा की एकीला एक!"

रागानं बोलली हो ती! पण गुरुलिंग उठला. इंजिन सोडवून बाजेखाली ठेवलं. त्या जागी वैरण! पुढच्या चाकाच्या दोन्ही अंगांनी दोन बांबू आवळले आणि बिजलीला जोडली. आणि काय सांगू तुम्हाला, चालली! नुसती चालली नाही, मीटरसुद्धा चाललं, कारण मीटरची तार पुढच्या चाकाला; चाक इंजिनानं फिरतं का घोडीनं, हे मीटर विचारत नाही. सरकारी वस्तूंत एवढी एकच मला समजूतदार वाटली. लोक हसले, पोरं मागं धावली, पण बसले! स्वस्त, सावकाश आणि धूर नाही. तक्रार एकच यायची : बिजली हौदावर पाणी पिते तेव्हा मीटरमधे थांबण्याचे पैसे पडतात. आता यात घोडीचं काय चुकलं, सांगा!

दुसऱ्याच दिवशी हवालदारानं अडवलं. "परवाना?" गुरुलिंगनं रिक्षाचा दाखवला. "इंजिन कुठाय?" "बाजंखाली." "मग हा टांगा झाला. टांग्याचा बिल्ला?" "परत केला." "मग आठ दिवसांत कागद आण, न्हाईतर गाडी चौकीत आणि घोडी कोंडवाड्यात."

इथं मी आलो. म्हटलं गुरुलिंग, आजवर तू मला पोचवलंस, आता मी तुला पोचवतो. बसलो, अर्ज लिहिला, गेलो पहिल्या कचेरीत. खिडकीतला म्हणतो, "वाहनाची अश्वशक्ती?" म्हटलं, एक, आणि ती तुमच्या दारात उभी आहे. "इंजिन नाही? मग हे वाहनच नाही. आमच्या कक्षेत येत नाही." बरं, मग नंबराची पाटी काढू? "पाटी काढता येणार नाही. पाटी वाहनाची आहे." म्हणजे वाहन नाही, पण पाटी वाहनाची! मी नुसतं ‘धन्यवाद’ म्हणालो. असा धन्यवाद चाळीशीनंतरच म्हणता येतो.

दुसरी कचेरी म्हणजे माझीच जुनी. तिथं आबासाहेब, माझ्याच हाताखाली शिकलेला, आता माझ्याच खुर्चीवर. चहा मागवला, पाया पडला आणि म्हणाला, "अण्णा, तुमच्यासाठी जीव देईन. पण टांगा म्हंजे दोन चाकं. नियमात तिसऱ्या चाकाची तरतूद न्हाय. तुमी तिसरं चाक काढून आणा." आता रिक्षाचं पुढचं चाक काढलं तर ती नाकावर पडेल, हे त्याला कळत होतं. मलाही कळत होतं. नियमाला कळत नव्हतं.

अर्जावर पोच घेतली, शिक्का घेतला, बाहेर आलो. आणि कर्म बघा, त्याच आठवड्यात तेच तज्ज्ञ परत! तोच सूट! विषय, ‘तेलाचं संकट आणि आपला धंदा’. स्टेशनवर उतरले तर रिक्षांचा बंद, उभी फक्त आमची बिजली. नाइलाजानं बसले. देवळापुढं थांबली, हौदावर थांबली, कचेरीच्या फाटकाशी थांबली, साहेब आतून ओरडतायत, "अहो, हा मागासलेपणा आहे! कोणत्या युगात राहता?" गुरुलिंग शांतपणे म्हणतो, "आता थांबलंय ते फाटकाचं हाय, साहेब. ह्याच्या फुडं थांबत न्हाय ती."

सभेत उशिरा पोचले, घाम पुसला आणि सुरू : "मित्रहो, तेलाचं युग संपलं! ऊर्जेचे नवे मार्ग शोधा! हाताशी आहे त्यातून उभे राहा! बदला, नाहीतर बाजूला व्हा!" मी उभा राहिलो. कोणी सांगितलं होतं? कोणी नाही! म्हटलं, साहेब, आपण आत्ता कशानं आलात? सभा हसली. साहेब म्हणाले, "तो... तो एक अपवाद होता." म्हटलं, त्या अपवादानं ह्या सभेला वक्ता आणून दिला! मागच्या खेपेला आपण इंजिन घ्या म्हणालात, घेतलं. आता तेल सोडा म्हणता, सोडलं. आता आपण एक ओळ शिफारस लिहून द्या. तर म्हणतात कसे, "त्यासाठी आधी अभ्यासगट नेमावा लागेल." आम्ही दोनदा बदललो, साहेब टायसुद्धा बदलून आले नव्हते!

अमावास्या दुसऱ्या दिवसावर. मी रागारागानं आबासाहेबाकडं. म्हटलं, हो का नाही ते सांग. तो घाबरून म्हणाला, "अण्णा, अर्ज विचाराधीन हाय. आमाला हो म्हणता येत न्हाय." मी विचारलं, "आणि नाही?" "न्हाईबी म्हणता येत न्हाय की. निकाल लागंपर्यंत हाय तसंच."

हाय तसंच! अहो, जन्मभर ज्या शब्दानं लोकांना घाम फोडला, तो शब्द माझ्या अंगावर थंड पाण्यासारखा पडला! हो म्हणाले तर अटी घालतील, नाही म्हणाले तर घोडी भट्टीवर, पण विचाराधीन असलेल्या गाडीला कोण हात लावणार? हवालदाराला पोच दाखवली. त्यानं शिक्का बघितला, डोकं खाजवलं, सलाम ठोकला. जोतीराम अमावास्येला दावं घेऊन आला, तर गौरम्मा दारातच उभी : "घोडी सरकारी विचारात हाय. सरकाराला इचारून ने." गेला बिचारा.

तेव्हापासून माझं काम वाढलंय. मधे एकदा अर्ज मंजूर व्हायला निघाला होता! वेळीच कळलं म्हणून बरं. ताबडतोब खुलासा मागवला : घोडी पुढे आणि चाक मागे धरल्यास, पुढचं चाक हे मागचं समजावं काय? फाईल पुण्याला गेली. पुण्याहून मुंबईला गेली असं ऐकतो. बिजली रोज सकाळी स्टेशनवर असते.

सदर अर्ज आजअखेर विचाराधीन आहे.