अर्नल्योतच्या गाडीखालचे चार टायर

नाव: गुद्रुन आयलर्टसन. वय: ६८ वर्षे. धंदा: निवृत्त, पूर्वी शाळेची बस चालवत असे. राहणार: स्कारवोग, ट्रोम्स, उत्तर नॉर्वे.

आज दि. २६ नोव्हेंबर रोजी पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून मी स्वतः हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी एकटीच राहते. माझे पती पेदर चार वर्षांपूर्वी वारले. तक्रारदार अर्नल्योत क्वितबर्ग, वय ७१, हा माझा शेजारी आहे. दर गुरुवारी चर्चमधल्या गाण्याच्या सरावाला मी त्याच्या गाडीतून जाते. मला स्वतःची गाडी आहे. मग त्याच्या गाडीतून का, असे विचारले असता, जाते एवढेच सांगते.

दि. ६ नोव्हेंबर रोजी सायंकाळी साडेपाचच्या सुमारास चर्चच्या उतारावर गाडी वळणात वळली नाही. सरळ गेली. कडेच्या खांबापासून वीतभर अलीकडे थांबली. खांबापलीकडे समुद्र आहे.

अर्नल्योत म्हणाला, "बघितलंस? थांबली की नाही?"

मी म्हणाले, "खांबाला घाबरून थांबली."

चर्चसमोर मी टॉर्च लावून टायर पाहिले. बाजूवरच्या आकड्यांवरून ते नऊ वर्षांपूर्वीचे निघाले. रबरात नख रुतत नव्हते. बर्फावर पकड घेणारे धातूचे खिळेही नव्हते. बिनखिळ्यांचे टायर, तेही नवे असतील तर, आत डोंगरात कडक थंडीत कोरड्या बर्फावर चालतात. आमच्याकडे समुद्राची हवा. दुपारी बर्फ वितळतो, संध्याकाळी गोठतो आणि वर पाण्याचा थर राहतो. तिथे खिळेच लागतात. एकतीस वर्षे बस चालवून मला एवढे कळते.

तसे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, "भाचा म्हणतो, खिळ्यांचा जमाना गेला."

"भाचा ओस्लोत राहतो."

"मग? तिथं बर्फ पडत नाही?"

"तिथं बर्फ पडतो. इथं गाडी पडते."

"मला शिकवू नकोस गुद्रुन, मी तुझ्या बसमधलं पोर नाही."

"पोरं ऐकायची."

दि. ११ रोजी अर्नल्योत कान तपासायला दोन दिवस बसने ट्रोम्सो शहरात गेला. मांजरीसाठी घराची किल्ली माझ्याकडे होती. मी मांजरीला खायला घातले. नंतर अकरा ते बारा चाळीस या वेळात त्याच्या अंगणात गाडीला जॅक लावून चारही चाके काढली आणि पेदरची खिळ्यांची चाके बसवली. गाड्या एकाच बनावटीच्या. पेदरची गाडी मी विकली, चाके विकली नव्हती. टायर त्याने स्वतः पारखून घेतले होते. एकच हिवाळा वापरले. पोस्टमन समोरून गेला. त्याने हात केला, मीही केला.

दि. १३ रोजी सरावाच्या मधल्या सुट्टीत बाहेर जाऊन मी नट पुन्हा आवळले. चाके बदलल्यावर ते आवळावे लागतात.

गाडीत अर्नल्योत कानातले यंत्र काढून ठेवतो. त्यामुळे खिळ्यांचा कडकड आवाज त्याला आला नाही. गाडी उतारावरून सुरळीत उतरली. तो गावभर सांगत सुटला, "खिळ्यांशिवाय उतरलो! गुद्रुनला विचारा!" लोकांनी मला विचारले असता मी "हो, छान उतरलो" असे सांगितले. खिळे इतरांना दिसत होते. कोणी काही बोलले नाही. या काळात मला हसू आले का, याचे उत्तर होय असे आहे.

दि. २४ रोजी त्याने योस्टेइनच्या टायरच्या दुकानात जाऊन हेच भाषण केले. योस्टेइन टायर पाहायला वाकला तो हसत जमिनीवरच बसला. "अर्नल्योत, अरे हात तर लावून बघ!" त्यानंतर ही तक्रार झाली.

जुने टायर परत करण्याबाबत विचारले असता सांगते की, मी ड्रिलने प्रत्येकाला सहा भोके पाडली आहेत. ते पुन्हा बसवता येऊ नयेत हा उद्देश होता. उद्देश कबूल आहे.

अर्नल्योतला माझ्यासमोर बोलावून, चांगले टायर मिळाले असता तक्रार नेमकी कशाची, असे विचारण्यात आले. तो म्हणाला, "टायरांची नाही. मला दोन आठवडे गावभर बडबडू दिलं, त्याची." असे कलम नाही, असे त्याला सांगण्यात आले.

तो मला म्हणाला, "निदान सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर काढले असतेस."

"काढले असते." मग त्याने विचारले, "पेदरचे आहेत?"

"हो."

"मग सावकाश चालवीन."

तक्रार त्याने मागे घेतलेली नाही. तो बाहेर गाडी सुरू करून थांबला आहे. मला घरी सोडणार आहे.

लिहिलेले सर्व मला मोठ्याने वाचून दाखवले. मी बोलले तसेच उतरले आहे. फक्त 'चोरी' हा शब्द माझा नाही, तो खोडून मग सही केली.